खराटा

सांकवाळच्या पठारावर, खत कारखान्याच्या अमोनिया विभागात
माझी पहिली पाळी सकाळची.
कुस्तोद नावाच्या ऑपरेटरनं
हेल्मेटच्या आधी हातात खराटा दिला,
माडाच्या हिरांचा, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला.
बाई म्हणून झाडायला लावतोय, असं वाटून
मी तो तिथंच टाकणार होते.

"बाय, हायड्रोजनाचो उजो दिसना," तो म्हणाला.
नळी गळून पेटली तर भर उन्हात
रंग नाही, धूर नाही, वास नाही.
खराटा पुढं धरायचा, आपण मागं चालायचं.
हिरांची टोकं काळवंडली
की पाऊल तिथंच.

मग तेहतीस वर्षं मी
खराटा न धरता चालले.
दारावरची पाटी दर खेपेला लांब,
आतली खोली दर खेपेला थंड.
वायू तोच. आधी त्याला राखाडी म्हणाले, मग निळा, आता हिरवा.
त्याला रंग नसतो हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं,
तरी पडद्यावर पान उमललं की माना डोलत.
बांबोळीत मी चौदा सामंजस्य करार केले.
दोन जगले.
एका रात्री किलोमागचे साडेचारशे रुपये
तीनशे ऐंशी करून दाखवले, एक्सेलमध्ये,
एकही बोल्ट न हलवता.
मधे कधीतरी संसारही गेला;
आवाज नाही, धूर नाही,
लक्षात आलं तेव्हा फक्त भिंत गरम होती.

आई वास्कोत खिडकीचा कठडा दिवसातून तीनदा पुसते.
गोदीतला कोळसा. फडकं मला दाखवते, बोलत नाही.
उपाध्यक्ष मुलगी हुमण-भात कालवते, फडक्याकडे बघत.
आमचा इलेक्ट्रोलायझर त्याच गोदीत
एका सहीवाचून अकरा महिने पडून होता;
सोडवायला गेले तर पेटीवरच्या काजळीत
कुणीतरी बोटानं मासा काढलेला.

ग्रामसभेत आपोलिना नावाच्या बाईनं विचारलं,
एका किलोला पाणी किती?
"नऊ लिटर," मी म्हणाले. पुस्तकात तेवढंच असतं.
ती खाली बसली नाही.
तिच्या हातात रिकामी कळशी वगैरे काही नव्हतं,
एक वही होती, आणि पेनचं टोपण दातांत.
"वीस धरा," मी म्हणाले. "शुद्धीकरण आलं, थंड करणं आलं.
पंचवीस."
शेजारच्या आमच्या वकिलानं माझ्या पायावर पाय दिला.
तिनं पंचवीस लिहिलं.
प्रकल्प त्या संध्याकाळपासून लहान होऊ लागला
आणि होत होत
एका फेरीबोटीएवढा झाला.

ती बोट आज रायबंदरच्या धक्क्याला आहे.
चोडणला जाईल, परत येईल, एवढंच.
वार्ताहर विचारतोय, दाखवण्यासारखं काय आहे?
एका नळीतून थेंब गळतात,
त्याखाली धक्क्यावरचा कुत्रा जीभ लावून बघतोय.
त्याचाच फोटो घे, मी सांगते.

हेरंबकडे सेन्सर आहे. चांगला आहे, मीच मंजूर केला.
"मॅडम, मग हे कशाला?"
मी डिकीतून काढत असते तो,
कुस्तोदच्या बायकोनं दिलेला, त्याच्या महिन्याच्या मिसला;
ट्यूब तीच, हिर तिनं नवे बांधलेत.
तपासणीच्या यादीत सव्विसाव्या ओळीखाली
पेनानं लिहिते: खराटा, नग एक.

टाकीपासून सुरू करते. जोड, झडप, जोड.
लोकांना वाटतं, मंत्री यायच्या आत बाई झाडून घेतेय.
वाटू दे.
टोकं पुढं, मी मागं.
अजून तांबूस आहेत.